हात धुवायला गेलेली बाई

सरका जरा जवळ. तो मोबाइल पालथा ठेव रे, उजेड डोळ्यांत जातो. उद्या रात्री आपली ताई निघणार, पहिल्यांदाच एवढ्या लांब आणि एकटी, म्हणून आज हीच गोष्ट सांगतो. घाबरवायला नाही सांगत. खरी की खोटी ते मला विचारू नका. ज्याच्यावर गुदरली तो रोज संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येतो, त्यालाच गाठा. पण सांगेलच याची खात्री नाही. मला सांगायलासुद्धा त्याने वर्ष लावलं.

चष्म्याचं दुकान त्याचं. आम्ही त्याला नंबर म्हणतो, कारण माणूस समोर आला की हा आधी त्याच्या चष्म्याचा नंबर ओळखणार आणि मग ‘कसे आहात’ विचारणार. माझ्या सासऱ्यांना पहिल्याच भेटीत म्हणाला, “डावा डोळा दाखवून घ्या.” सासरे त्याच्याशी जन्मभर बोलले नाहीत. डोळा मात्र दाखवला.

तर या नंबरची बायको वारली त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्याच सुमारास लेकीला बाळ झालं, तिकडे, पार जगाच्या दुसऱ्या टोकाला. जायला हवं होतं बायकोने. ती नाही म्हणून हा गेला, दोन महिने. आता पुरुषमाणूस, त्यातून एकट्याने राहायची सवय लागलेला. बाळ हातात दिलं की हा लगेच परत द्यायचा. भांडी घासायला उठला की जावई म्हणायचा, “राहू द्या बाबा, मशीन आहे.” लेक चांगली होती, जावईही भला. पण त्या घरात याच्यासाठी करायला काही नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी लेक म्हणाली, “बाबा, ते घर विकून टाका आता. कोणासाठी ठेवलंय? कायमचे इकडेच या.” तो म्हणाला, “बघतो.” आणि खरंच बघणार होता. घरी पोहोचल्यावर सोमवारी एजंट यायचा होता. बोलणी फोनवरच झाली होती.

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारची रात्र. जावयाने विमानतळाच्या दाराशी गाडी थांबवली, बॅग उतरवून दिली, वाकून नमस्कार केला. “इथं जास्त वेळ थांबू देत नाहीत, बाबा.” गेला. नंबर आत आला.

सीट मिळाली अगदी शेवटच्या रांगेत. मागे फक्त संडास. हा कडेला, मधली सीट रिकामी, खिडकीशी एक मुलगा. त्याने विमान हलायच्या आत टोपी नाकापर्यंत ओढली आणि जो झोपला तो झोपलाच. नंबरने त्याच्यासाठी खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढल्या होत्या. त्या तशाच परत ठेवल्या.

लांबच्या विमानात काय करणार माणूस? माणसं बघत बसला. पुढच्याने विमान वर जाताक्षणी सीटची पाठ मागे टाकली ती थेट याच्या गुडघ्यांवर; टक्कल एवढं जवळ की चष्मा न लावता केस मोजता यावेत. पलीकडे एक जोडपं, नुकतंच लग्न झालेलं आणि नुकतंच भांडलेलं. ती सिनेमा बघत होती आणि तो आपला पडदा बंद ठेवून चोरून तिच्याच पडद्यावर, आवाजाशिवाय. तिला हसू आलं की हाही हसायचा आणि मग लगेच तोंड पाडायचा. एक मास्तरीणबाई उत्तरपत्रिका तपासत होत्या; लाल पेन झाकताना चेहऱ्यावर अशी तृप्ती, जणू अख्खा वर्ग नापास केला. एक आई बाळाला खांद्यावर टाकून पुढून मागे, मागून पुढे. एक गृहस्थ कोट-टाय घालून ताठ बसले होते, टायची गाठ रात्रभर सैल केली नाही. नंबरने प्रत्येकाचा चष्म्याचा नंबर मनात लावला. प्रत्येकाला घर दिलं, घरात माणसं दिली. विमानतळावर कोण घ्यायला येणार तेही ठरवून टाकलं.

स्वतः मात्र जेवण होईपर्यंत तो एकूण बोलला ते ‘पाणी’ आणि ‘थँक यू’.

मग दिवे मालवले. खिडक्या बंद. तीनशे माणसं आणि कोणी कोणाचं नाही. नुसती ती घरघर. त्याला डुलकी लागली.

जाग आली ती गारठ्याने.

पार पुढे, पडद्यापाशी, कोणीतरी उभं होतं. म्हातारी बाई. स्वेटर, त्यावर शाल. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, हात धुतल्यावर टॉवेल सापडत नाही तेव्हा धरतो ना, तसे. ती वाकली. झोपलेल्या एका माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेलं. अगदी जवळ, नाकाला नाक लागेल इतकं. क्षणभर थांबली. सरळ झाली. पुढच्यावर वाकली.

नंबरला आधी वाटलं, बाईंना दिसत नाहीये, जागा चुकल्यात. दुकानात अशी माणसं रोज येतात. चष्मा फुटलेला असतो, चाचपडत येतात, तोंडाजवळ तोंड आणून विचारतात, तुम्हीच का ते?

मग त्याच्या लक्षात आलं… ती ज्याच्यावरून पुढे जायची, तो माणूस झोपेतच पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घ्यायचा. एक. मग शेजारचा. मग पलीकडचा. कोणी जागं होत नव्हतं. नुसती पांघरुणं वर सरकत होती. रांगेमागून रांग.

त्याने डोक्यावरचं बटण दाबलं. होस्टेस मुलगी पुढून निघाली. आता ती मधली वाट केवढी! दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने आडवं व्हावंच लागतं. म्हातारी वाटेत उभी होती. मुलगी समोरून येत होती.

मुलगी आडवी झाली नाही.

सरळ चालत आली.

“काय हवं, काका?”

नंबरने बोट दाखवलं. मुलीने वळून पाहिलं. सगळं पाहिलं, इकडून तिकडून. “बाळाचा त्रास होतोय का? झोपेल आता ते. तुम्हीही झोपा थोडं.” पाण्याचा पेला देऊन ती गेली.

टायवाले गृहस्थ. पांघरूण वर.

मास्तरीणबाई. पांघरूण वर.

नवरा. बायको. बायकोवर ती जरा जास्त वेळ वाकून राहिली…

टक्कलवाला.

नंबरने डोळे घट्ट मिटले.

गार. साबणाचा वास. गालावर पाण्याचा थेंब पडला. तो हलला नाही. तोंडासमोर कोणीतरी होतं. श्वास नव्हता, पण होतं.

“…हेही नाहीत.”

एवढंच. अगदी हळू.

पुढे रांगच नव्हती. ती तिथेच उभी राहिली असावी. मग त्याच आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं,

“इथंच तर बसले होते.”

आता मी असतो ना, तर डोळे उघडले नसते. खरं सांगतो. पण तो म्हणतो, तो आवाज भुताचा वाटलाच नाही. त्याच्या बायकोचा चष्मा हरवला की ती अशीच बोलायची. आणि दुसरं म्हणजे, त्या अख्ख्या रात्रीत त्याला हवं-नको सोडून कोणी काही बोललं नव्हतं.

त्याने डोळे उघडले.

“कोणाला शोधताय?”

“आमच्या ह्यांना.” ती जराही दचकली नाही. “मी हात धुवायला गेले होते हो. दोन मिनिटं. आले तर जागाच सापडेना.”

“सीटचा नंबर?”

“तो दिसायला नको का? चष्मा त्यांच्याकडे राहिला. धरा जरा, म्हटलं, आणि गेले.”

नंबरने काय केलं असेल? जन्मभर जे केलं तेच. स्वतःचा चष्मा काढला आणि पुढे धरला. “जवळचं दिसतंय, लांबचं नाही. माझंही तसंच. घालून बघा.”

ओल्या बोटांचा स्पर्श झाला. चष्मा हातातून गेला.

आता त्याला काही दिसेना. ती म्हणजे नुसता एक करडा डाग. डाग वळला. अख्ख्या विमानाकडे तोंड करून उभा राहिला.

…

किती वेळ, त्याला सांगता येत नाही.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“सगळी निराळीच माणसं आहेत हो.”

डाग पडद्याच्या बाजूला वळला.

“पडदे निळे होते तेव्हा.” मग आणखी हळू,

“मला… फार वेळ झालाय का?”

खरं काय ते त्याला कळलं होतं. आणि तिलाही. तरी तो म्हणाला, “नाही, फार नाही.”

डाग परत त्याच्याकडे वळला. “इथं कोणी बसलंय?”

“नाही, नाही. बसा ना.” तो उठून बाजूला झाला. त्याच्यासमोरून गारठा आत गेला. तो परत बसला. दोघं बसून राहिली. शेजारी-शेजारी, बागेतल्या बाकावर बसावं तशी. त्याने खिशातली लिमलेटची गोळी काढून तिच्या बाजूला धरली. ती म्हणाली, “नको, हात ओले आहेत.”

मग म्हणाली, “तुम्ही एकटेच?”

“हो. ही गेली तीन वर्षांपूर्वी.”

“हात धुवायला?”

“नाही हो… दवाखान्यात. तिला बरं वाटत होतं म्हणून मी खाली चहा प्यायला गेलो. वर आलो तर पलंग रिकामा. तोवर हलवलंसुद्धा होतं.”

विमानाची घरघर.

“मग शोधत असेल ती तुम्हाला.”

…

नंबर सांगतो, त्याच्या अंगावर त्या रात्री काटा आला तो इथे. आधी नाही. इथे.

त्याला विचारायचं होतं. खूप विचारायचं होतं. कुठे शोधत असेल? कशी? तिचा चष्माही माझ्याकडेच आहे, तिला दिसत असेल का? पण त्याआधी तीच म्हणाली, “हे घ्या. नको मला.”

चष्मा त्याच्या तळहातावर आला.

“का? नंबर जुळत नाही?”

“जुळतो ना. यातून दिसतं.”

त्याने घाईघाईने काचा पुसल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला, वळून पाहिलं.

मधली सीट रिकामी. पलीकडे मुलगा, टोपी नाकापर्यंत.

तो झोपला नाही मग. कोणीतरी जागं असायला हवं, एवढंच त्याला वाटत राहिलं. अधूनमधून त्या रिकाम्या सीटशी हळूच बोलला म्हणे. टकल्याबद्दल, जोडप्याबद्दल सांगितलं. पहाटे पहाटे त्या नवऱ्याचं डोकं झोपेत बायकोच्या खांद्यावर पडलं आणि तिने ते ढकललं नाही, तेही सांगितलं. उत्तर आलं नाही.

विमानतळावर त्याला घ्यायला कोणी यायचं नव्हतंच. टॅक्सी करून घरी आला. दार उघडलं, दोन महिन्यांचा कोंडलेला वास. सोमवारी एजंट आला. त्याला नंबरने बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, “माफ करा, घर विकायचं नाही.” लेकीचा फोन आला, रडली, चिडली. “बाबा, एकटे काय करणार तिथे?” तो म्हणाला, “आहे मी इथे. इथेच असलेलं बरं.” याहून जास्त तिला त्याने आजवर सांगितलेलं नाही. तुम्हीही कुठे बोलू नका. त्याने घरातली एक खुर्चीसुद्धा जागची हलवलेली नाही. पलंग त्याच भिंतीला. रात्री बाहेरचा दिवा चालू. आम्ही थट्टा करायचो, लाईट बिलाचं काय करतोस म्हणून. आता करत नाही.

काय गं ताई? त्या बाईंचं पुढे काय?

ते सांगायचं राहिलंच. म्हणजे… ठेवलं होतं मी शेवटाला.

विमान उतरायला लागलं तेव्हा सूचना झाली. दिवे लागले. पट्टे बांधा. मग ते सगळीकडून आवाज, खट, खट, खट. पुढून मागपर्यंत. नंबरने आपला बांधला. मुलाने झोपायच्या आधीच बांधलेला होता. आवाज थांबले. सगळं शांत.

आणि मग, एक शेवटचा.

खट.

अगदी शेजारी.

त्याने मान वळवली नाही. चाकं टेकली, विमान थांबलं, लोक उठले, बॅगा काढल्या. टायवाले निघाले, मास्तरीणबाई निघाल्या, जोडपं हातात हात घालून निघालं. तरी हा समोर बघत बसलेला. शेवटी खिडकीतला मुलगा जागा झाला. त्याला बाहेर पडायचं होतं. तो उठला, मधल्या सीटपाशी आला आणि थांबला.

“काका,” तो म्हणाला, “हा पट्टा तुम्ही लावलात?”

तेव्हा नंबरने पाहिलं. रिकाम्या सीटवर पट्टा बांधलेला. सैल नव्हे. पडलेलाही नव्हे. कोणाच्या तरी मांडीवरून घट्ट ओढून घेतल्यासारखा, मधे कमानीसारखा उचललेला, तसाच… हवेत.

मुलाने तो सोडवायला हात पुढे केला. बकलाला बोटं लागली मात्र, झटकन मागे घेतली.

“काय रे?” नंबरने विचारलं.

मुलगा आपल्या बोटांकडे बघत होता.

“गरम आहे,” तो म्हणाला. “माणूस आत्ता उठून गेल्यासारखा.”