थपडेवर बोलणारा रेडिओ

वनखात्यातून निवृत्त झालेल्या चिंतामणरावांचा रेडिओ थप्पड खाल्ल्याशिवाय बोलत नसे. तो दुरुस्तीला टाकायला ते आणि त्यांची लेक ऋता कुशलच्या दुकानात आले, तेव्हा काउंटरवर तसलाच एक जुना खोका मुका बसला होता. ऋताने सवयीने त्याला एक ठेवून दिली.

“अवो, मारता काहून त्याले?” आतून कुशल धावत आला. “कॉम्प्युटर हाय त्याच्यात!”

“मंग बोलत काहून नाही?”

“आता बोलन... घाबरून.”

आणि खोका बोलला. आधी छोट्या लाइनच्या गाडीची शिटी, दुसऱ्या थपडेला मलाजखंडच्या खाणीचा भोंगा, तिसरीला कुणी अनोळखी कंडक्टर, “लांजी, लांजी!” कुठलंच स्टेशन नाही, निवेदक नाही. कुशलने गावोगाव टिपलेले आवाज आत भरले होते. कधी कोणता लागेल, त्यालाही ठाऊक नसे. आवाज बदलायचा होता बटण फिरवून. कुठलीशी तार ढिली राहिली, आणि तो थपडेने बदलू लागला.

“असंच राहू दे,” चिंतामणराव खूश झाले. “बटन कोन फिरवते?”

“मंग काका, सुरुवातीले तुमचा आवाज द्या. त्यानं आधी विचाराव, मंग जवाबासाठी थांबाव.”

त्यांनी घसा खाकरून माइकमध्ये विचारलं, “बोला, काय सांगता?”

कुशल मात्र ऋताकडे पाहत होता. तीही... पण तिने नजर तारांवर नेली.

परतताना बाबांनी विचारलं, “पोरगा कसा वाटला?”

“कोनता पोरगा?” ती म्हणाली. ते घरापर्यंत हसत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा चहा गार झाला, तरी ते उठले नाहीत.

तेरावं आटोपल्यावर ऋता दुकानात जाऊ लागली. कुशल तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवी, चहा सांगे, आणि बाबांचा आवाज असलेल्या त्या रेडिओला हात लावायचा का, हे कधी विचारत नसे. एकदा तारा जोडताना बोटं भिडली. दोघांनीही काढली नाहीत.

इकडे तिच्या राजेंद्रकाकांनी गोंदियाचं स्थळ आणलं. “घरचा मानूस गेला का वर्साच्या आत लगन झालं पायजे. नाई तं तीन वर्सं थांबा लागते.”

पाहुणे येणार त्या सकाळी ती कुशलला म्हणाली, “रेडिओ घेऊन ये.”

“काकानं हाकललं तं?”

“तं रेडिओ ठेवून जाय.”

“नाई,” तो म्हणाला, “एकटा घाबरते तो.”

पोह्यांच्या बशा सरकवून तिने खोका मधोमध ठेवला. कुशल दाराशी, चपला न काढता. काका उठले, “हे काय तमाशा—”

ऋताने थप्पड मारली.

“बोला, काय सांगता?”

काका होते तसेच खाली बसले. बाबांच्या आवाजाने विचारलं होतं, आणि आता तो थांबला होता. ऋताचा हात खोक्यावरच होता.

“पोरगा आवडला, बाबा,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “कोनता, ते तुमाले तवाच मालूम होतं. तीन वर्सं थांबीन मी. पन याच्यासाठीच.”