बारा फाइली आणि एक रविवार

गुलाबाच्या कंपनीत कामाला असलेल्या मुलीला गुलाब देऊन कुणी पटवू शकत नाही. कार्ल्याजवळच्या पॉलिहाऊसमध्ये सहा वर्षं काढलेल्या अपेक्षाला गुलाब म्हणजे पन्नास सेंटिमीटरचा दांडा, नाहीतर साठचा. बस्स!

समर्थ तळेगावच्या सेन्सर कंपनीकडून तापमानाचे सेन्सर तपासायला आला होता. ऑफिसात डोकावला, तर ही बया कॉम्प्युटरच्या पडद्यालाच दांडे मोजायची पट्टी टेकवून बसलेली.

"हे काय हो?"

"ओळ चुकू नये म्हणून," ती वर न बघता म्हणाली. "बारा पॉलिहाऊस, प्रत्येकाची रोज एक फाइल. सगळे आकडे एका तक्त्यात उतरवायचे. अख्खी दुपार जाते."

तो हसला नाही. तिला तेच आवडलं... पण कबूल कोण करणार?

"पायथन शिकाल? कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. पंधरा-वीस ओळी लिहिल्या की दुपार तुमची."

"मी? मी बारावी कॉमर्स आहे!"

"मी आयटीआय. पायथन कुणाचं सर्टिफिकेट बघत नाही."

मग दर मंगळवारी सेन्सर तपासून झाले की शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी पायथन कॉम्प्युटरवर चढवताना तो म्हणाला, "खालच्या त्या चौकोनात टिक करा. नाही केली, तर पायथन घरात असून विंडोजला सापडत नाही." तिने टिक केली, काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली, आणि पडद्यावर तिचंच नाव उमटलं. ती लहान मुलीसारखी हरखली.

पुढच्या मंगळवारी मात्र तिने लिहिलेली पायथनची फाइल काही केल्या चालेना. नोटपॅडने नावामागे गुपचूप टीएक्सटीचं शेपूट जोडलं होतं, आणि विंडोज ते दाखवतही नव्हतं. बिचारी पाऊण तास शोधत बसली. समर्थला केव्हाच कळलं होतं, पण तो नुसता शेजारी थांबला. चुलतभावापासून बँकेतल्या साहेबापर्यंत, आजवर जो शिकवायला आला त्याने आधी तिच्या हातातून माउस हिसकावला होता. याने एकदाही घेतला नाही. त्या पाऊण तासात अपेक्षा त्याच्या प्रेमात पडली.

दोन महिन्यांत बारा फाइलींचा एक तक्ता डोळ्याची पापणी लवायच्या आत व्हायला लागला. सुपरवायझर महिपतीभाऊ तर खूश!

"लय भारी केलंस पोरी! आता त्या तळेगावच्या पोराचं हितं काय काम न्हाई. सेन्सर बी झाले सगळे. सोमवारपासनं नाशकाला धाडत्यात म्हणं त्याला."

 शुक्रवारी अपेक्षाने समर्थला फोन केला. "एरर येतोय... मोठा."

अर्ध्या तासात तो दारात हजर. रेनकोटवरून पाणी निथळतंय, चष्म्यावर वाफ.

"बघा ना तुम्हीच," तिने माउस पुढे सरकवला.

"नको. तुम्ही चालवा, मी बघतो."

झाली ना पंचाईत! खोटं बोलायचं तिने ठरवलं होतं, पण खोटा एरर आणायचा कसा, हे काही कुणी शिकवलं नव्हतं. तिने बटण दाबलं. बाराच्या बारा फाइली शहाण्यासारख्या एका तक्त्यात जाऊन बसल्या.

प्लॅस्टिकच्या छपरावर पाऊस वाजत होता. 

"एरर नव्हताच," ती म्हणाली. "तुम्ही सोमवारी चाललात... मला ते सोसवत नाहीये."

"फोनवर तुम्ही एररचं नावसुद्धा सांगितलं नाहीत," तो हळूच म्हणाला. "तेव्हाच कळलं होतं."

"मग एवढ्या पावसात कशाला आलात?"

"मलाही कारण हवंच होतं की! पण अपेक्षा... नाशिकला वर्षभर राहावं लागेल. फोन करत जाईन, चालेल?"

"नाही चालणार," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला. तिने मान वर करून पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"जायच्या आधी, परवा रविवारी, आमच्या घरी ये. एकटा नको. आईबाबांना घेऊन ये... मला बघायला."



"किती वाजता?" एवढंच त्याला सुचलं.