कोरडा पेंढा

बक्षीस वाटणाऱ्या साहेबांनो, हार तुम्ही चुकीच्या गळ्यात घातलात! ‘उत्कृष्ट गोठा’ म्हणून तुम्ही धाकट्याचा फोटो काढत होतात, तेव्हा त्याची थोरली वहिनी मागच्या हौदावर दुधाचे कॅन घासत होती... वासरांकडे फिरकायचीही तिला बंदी होती!

नवरा गेल्यावर माहेरची वाट न धरता तिने या गोठ्यातलं एकेक वासरू पोटच्या लेकरासारखं वाढवलं होतं. जन्मलं की नाळेला औषध, लगेच कोमट चीक, आणि रोज पेंढ्यावर स्वतः गुडघे टेकून बघायची. गुडघे ओले झाले की सगळा पेंढा बदलायची. पण यंदा वासरांना हगवण लागली, दोन कालवडी दगावल्या आणि धाकटा कडाडला, "वहिनी, तुमचं लक्ष उडालंय! माझ्या वासरांना हात लावू नका!"

‘माझ्या’... तो शब्द तिच्या काळजात रुतला! आणि चूक तिची नव्हतीच; त्याच सकाळी सासूबाईंनी तिच्यापाशी हंबरडा फोडला होता, "बाई गं, वासरं भुकेली वाटायची म्हणून मीच चोरून बादलीभर थंड दूध पाजत होते, त्यानंच हगवण लागली... त्याला सांगू नकोस, तो मला गोठ्यात येऊ देणार नाही!" म्हातारीचा जीव त्या वासरांतच अडकलेला. थोरलीने ओठ शिवले.

हार गळ्यात असतानाच एक गाय व्यायली. कालवड अशक्त, धाकट्याने बाटली तोंडात कोंबली, चीक ओघळून गेला. ते पाहून सासूबाईंचा बांध फुटला.

"अरे गाढवा, तिला बोलाव! दूध मी पाजलं होतं रे... माझं पाप त्या माउलीने पदरात घेतलं!"

धाकटा हौदाकडे धावला. "वहिनी... चुकलो मी!"

"आधी तो हार काढा, भावजी. कालवडीला वाटेल, नवरदेव आला!" ती म्हणाली; डोळे मात्र वाहत होते.

चिकात बुडवलेलं बोट तिने कालवडीच्या तोंडात दिलं, टाळूला हळूच गुदगुल्या केल्या... इवलीशी जीभ बोटाभोवती वळली! मग बाटली. घोट, आणखी एक घोट... धाकटा शेजारी गुडघ्यांवर बसला. त्याचे गुडघे ओले झाले. तो उठला आणि कोरड्या पेंढ्याचा भारा घेऊन आला.

साहेबांनो, तुम्ही दूध मोजलंत, फॅट तपासलीत, फोटो काढलेत. पण त्या पेंढ्यावर तुमच्यापैकी एकाने तरी कधी गुडघे टेकलेत का? उत्तर द्या!