आत कोण असतं?

तळघरात सकाळ-दुपार असं काही नसतं. वर ऊन असो नाहीतर धुकं, खाली तोच पांढरा उजेड, तोच यंत्रांचा घुमत राहणारा आवाज आणि हाडांत शिरणारा तोच गारवा. त्या रुग्णालयात कॅन्सरच्या रुग्णांना रेडिएशन, म्हणजे रुग्णांच्याच भाषेत ‘शेक’, द्यायची खोली या तळघराच्या अगदी टोकाला होती. तिथं मशीन चालवणाऱ्या बाईला सगळे मास्तरीण म्हणत. हलायचं नाही, बोलायचं नाही, मी सांगेपर्यंत उठायचं नाही, हे ती दिवसभर इतक्यांना इतक्या वेळा सांगे की नाव न पडतं तरच नवल.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपवून ती परत आली तेव्हा बाकावर घड्याळवाले काका बसले होते. शेजारी काकू, मांडीवर पिशवी घट्ट धरून. काका जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. त्यांच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “वेळेत सापडलंय. पूर्ण बरं होण्यासारखं आहे. पण शेक मध्येच सोडला तर सगळं पाण्यात.”

अडचण होती ती मुखवट्याची. घशाला शेक द्यायचा तर डोकं तसूभरही हलून चालत नाही. म्हणून कोमट पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवून प्रत्येकाच्या मापाचा मुखवटा करतात आणि तो टेबलाला पक्का अडकवतात. पहिल्या दिवशी काकांनी त्या मुखवट्याखाली हातपाय झाडले होते. दुसऱ्या दिवशी दारापासूनच परत फिरले. आज काकूंनी कशीबशी समजूत घालून आणलं होतं.

“काय काका, आज जमवायचं ना?” मास्तरीण म्हणाली.

“जमवू की. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिला माझं तोंड बंद करता आलं नाही. तुम्ही एका जाळीत केलंत.”

काकू हसल्या नाहीत. काकांच्या कपाळावर घाम होता.

टेबलावर निजवून, मुखवटा अडकवायच्या आधी तिनं नेहमीचं वाक्य म्हटलं. “घाबरू नका. मी बाहेरून सगळं बघत असते.”

काका छताकडे बघत हळूच म्हणाले, “बाहेरून बघणारे पुष्कळ असतात हो ताई. आत कोण असतं?”

आत कुणी नसतंच. शेक सुरू असताना रुग्णाखेरीज त्या खोलीत कुणी थांबायचं नाही, हा तिथला पहिला नियम. तिनं खोलीवरून नजर फिरवली, वळणाच्या बोळातून बाहेर आली आणि दार लावलं. भिंतीएवढं जाड दार. ते बंद झालं की कानात दडा बसल्यासारखं व्हायचं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर काका दिसत होते. छाती भरभर वरखाली होत होती, उजव्या हाताची बोटं टेबलाची कड चाचपत होती. असंच चाललं तर आजही थांबवावं लागणार. तिनं माइकमध्ये म्हटलं, “सुरू करतेय हं काका,” आणि बटण दाबलं.

मशीनचा गुणगुणणारा आवाज सुरू झाला. आणि काकांची बोटं थांबली.

छातीही संथ झाली. इतकी संथ, की तिला बरं वाटलं. मग तिनं नीट बघितलं.

काकांच्या उजव्या अंगाला एक बाई बसली होती. पाठमोरी, जराशी वाकलेली. काकांचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला होता.

मास्तरिणीनं लाल बटणावर पंजा आपटला. मशीन बंद. आत दुसरं माणूस असताना शेक सुरू राहिला होता. दार सरकायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय असं तिला वाटलं. बोळातून धावत ती आत गेली.

आत काका एकटे होते. त्या बाजूला बसण्यासारखं काहीच नव्हतं. ना खुर्ची, ना स्टूल. मात्र वास होता. उकळलेल्या कापसाचा, ओल्या पट्ट्यांचा, जुन्या दवाखान्यांत असायचा तसा.

तिनं मुखवटा सोडवला. काकांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, होती ती नाराजी.

“का थांबवलंत? आज बरं चाललं होतं की.”

“काका... इथं कोण होतं?”

“तुमचीच ना कुणी? हात गारठलेला होता बिचारीचा. पण धरला छान.”

मशीनचं गणित सांभाळणाऱ्या साहेबांना मास्तरिणीनं बोलावून घेतलं. त्यांनी कॅमेरा बघितला, कुलपं बघितली, दाराची यंत्रणा तपासली.

“दार उघडं असेल तर मशीन सुरूच होत नाही,” ते म्हणाले. “आणि बंद दारातून आत जायला वाट नाही. रात्री झोप होतेय ना नीट?”

काका टेबलावरूनच म्हणाले, “साहेब, तुमचं गणित झालं असेल तर मला जाळी घाला. उरलेलं आजच उरकू.”

त्या दिवशी शेक पुरा झाला. त्यानंतर काका रोज आले, एकदाही खाडा केला नाही. आणि रोज, मशीन गुणगुणायला लागलं की ती बाई तिथं असायची. मास्तरिणीनं पुन्हा मशीन थांबवलं नाही. थांबवून सांगणार काय आणि कुणाला? हळूहळू तिच्या एक लक्षात आलं. ती बाई सगळ्यांपाशी बसत नसे. जे दारातच लटपटत, ज्यांना उचलून निजवावं लागे, त्यांच्यापाशीच ती दिसे. आणि तिच्याजवळचं माणूस शांत होई. भीती वाटायची ती फक्त बाहेर बसलेल्या मास्तरिणीला. माणसाला सवय कशाची होत नाही म्हणा.

थंडी ओसरता ओसरता एके दिवशी काय झालं, सकाळी रुग्ण यायच्या आधी ती नेहमीप्रमाणे रिकाम्या टेबलावर मशीन चालवून बघत होती. आत कुणी नव्हतं. तरी पडद्यावर ती बाई आली. रिकाम्या टेबलाशी बसली, आणि हात पुढे करून कुणाचा तरी हात धरावा तसे दोन्ही पंजे मिटले. आत काही नसताना.

मग तिनं मान वळवली. पहिल्यांदाच.

तिनं सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर डोळे होते, नाक होतं, पण सगळ्या कातडीवर बारीक चौकटी उमटल्या होत्या. मुखवटा काढल्यावर रुग्णांच्या गालांवर घटकाभर जाळीचे वण राहतात ना, तसेच. फक्त हे खोल होते. कधीच न उठलेले. तिनं डावा हात उचलला, स्वतःच्या छातीच्या डाव्या अंगाला लावला आणि दोन बोटांनी हलकेच ठोकलं. एखाद्याच्या दाराची कडी वाजवावी तसं. मग पुन्हा, पडद्याकडे बघत.

मास्तरिणीचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला. हाताला काहीच लागलं नाही.

घरी ती जेवली नाही. सासूबाईंनी दोनदा विचारलं, मग ताट बाजूला सारून समोरच बसल्या. मास्तरिणीनं सगळं सांगितलं. आता देवऋषी शोधा म्हणतील, असं तिला वाटत होतं.

सासूबाई म्हणाल्या, “छातीची तपासणी तू कधी केली होतीस?”

“कधीच नाही, आई.”

“लोकांना तर रोज सांगत असतेस. चाळिशीनंतर करून घ्या, गाठ लागायची वाट बघू नका.”

“वेळच होत नाही हो.”

“तुझी नणंद दोन वर्षं कानीकपाळी ओरडतेय, तिचं ऐकलं नाहीस. जितीजागती माणसं सांगतात तेव्हा आपण कान बंद करतो. मग कुणीतरी असं येऊन सांगायचं.” त्या उठल्या. “अगं, घात करायला आलेलं भूत डॉक्टरकडे पाठवत नाही. उद्या जा. मीही येते. दोघींचंही होऊन जाईल.”

सासूबाईंचं काही निघालं नाही. मास्तरिणीच्या छातीच्या फोटोत मात्र डाव्या बाजूला एक ठिपका होता. राईएवढा. तुकडा तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवलं. “हे हाताला लागायला अजून बराच काळ गेला असता. तेव्हा मोठं ऑपरेशन, मोठी औषधं, सगळंच मोठं. आता एवढासा भाग काढू, मग थोडे शेक. घरी जाऊन सासूबाईंना पेढे... नाही, मिठी मारा.”

मास्तरीण हसली, आणि मग तिला रडू आलं ते थांबेना.

ऑपरेशन झालं, जखम भरली, आणि एके दुपारी ती आपल्याच खोलीत, आपल्याच टेबलावर निजली. बाहेर मशीनवरची तिची जोडीदारीण बसली होती, जिला तिनं बाईबद्दल कधी अवाक्षर सांगितलं नव्हतं. दार बंद झालं. कानात दडा बसला. वर छत, आणि चहूबाजूंनी एवढी शांतता, की आपल्याच रक्ताचा आवाज ऐकू यावा. इतक्या माणसांना इथं निजवलं, पण आत कसं असतं हे तिला तेव्हा कळलं.

डाव्या छातीच्या शेकासाठी आता एक नवी रीत आहे. छाती भरून श्वास घ्यायचा आणि धरायचा. तेवढ्यानं हृदय शेकाच्या वाटेतून बाजूला सरकतं. पूर्वी हे ठाऊक नव्हतं, तेव्हा बरी झालेली काही माणसं पुढे हृदयाच्या दुखण्यानं खचत.

माइकमधून आवाज आला. “श्वास घ्या... धरा.”

तिनं धरला. मशीन गुणगुणायला लागलं. आणि तिच्या मुठीत एक हात आला. गार, पण घट्ट. ओल्या पट्ट्यांचा वास नाकाशी दाटला. तिला मान वळवायची नव्हती, वळवता येणारही नव्हती. कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी श्वास आत घेतला. तिच्यासारखाच, छाती भरून. आणि धरला.

भीती वाटलीच. पण तो हात सोडावासा वाटला नाही.

“सोडा.”

तिनं श्वास सोडला. कानाशी मात्र काहीच झालं नाही. तिनं कान दिला. घेतलेला श्वास तिथंच होता, धरलेला. जणू तिला ‘सोडा’ म्हणायचं कुणी विसरूनच गेलं होतं.

रोज हेच झालं. शेवटच्या शेकापर्यंत.

आज ती ठणठणीत आहे. तपासण्या स्वच्छ येतात. घड्याळवाले काका दर खेपेला वर डॉक्टरांना दाखवून झालं की खाली डोकावतात. आवाज घोगरा झालाय, पण काकू म्हणतात, बोलणं काही कमी झालेलं नाही. नणंदेनंही पुन्हा तपासणी करून घेतली, तिच्या मैत्रिणींनी घेतली. तळघरात आता दारातूनच परत फिरणारी माणसं जवळजवळ नाहीत.

मास्तरीण पुन्हा मशीनवर बसते. शेवटचा रुग्ण गेला, टेबल पुसून झालं, की ती बाहेर येऊन दार लावते आणि पडद्यावरच्या रिकाम्या खोलीकडे बघत माइकचं बटण दाबते.

“सोडा,” ती हलक्या आवाजात म्हणते. “झालं आता... सोडा.”

मग स्पीकरला कान लावून थांबते. आतून श्वास सोडल्याचा आवाज अजून एकदाही आलेला नाही.