कॅनमधलं दूध, बाटलीवरचं नाव

"अहो, थांबा! ओतू नका—"

पण मी ओतलं होतं. सगळं दूध बदाबदा मोठ्या कॅनमध्ये! टेबलामागच्या तरुणानं कपाळाला हात लावला. "आधी बाटलीत नमुना घ्यायचा असतो हो. आता यातलं तुमचं कुठलं, ते मी कसं तपासू?"

"कावून तपासायचं? एकदा कॅनमधी गेलं की समदं एकच," मी ठसक्यात म्हणाले. "जिवाचंबी तसंच. देवात मिसळला की मी-तू उरत न्हाई. आमच्याकडं पोथीत सांगत्यात."

तो हसला. अगं बाई... गालाला खळी!

आमोस साळवे त्याचं नाव. अंबाजोगाईचा, ख्रिस्ती घरातला. पालीच्या आमच्या दूध सोसायटीत नवाच आला होता. त्या वर्षी धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. बानं मेंढरं चुलत्याबरोबर लांब धाडली होती. मागं राहिलेल्या दोन म्हशी जगल्या त्या सोसायटीनं तेलगावहून आणलेल्या उसाच्या वाढ्यावर, त्या हिरव्या शेंड्यांच्या चाऱ्यावर. त्या वाढ्याला मी आजही मनातून हात जोडते.

दुसऱ्या दिवशी त्यानं आधी बाटली पुढं केली. "आमच्यात जरा वेगळं आहे," तो म्हणाला. "माणूस देवात राहतो, देव माणसात. पण माणूस देव होत नाही. दोघं दोघंच राहतात. प्रेम करायला दोघं लागतात ना..."

'प्रेम' म्हणताना त्याचे कान लाल झाले. मी मुद्दाम बघत राहिले.

"मिठाचा खडा पाण्यात पडला की पाणीच व्हतो," मी म्हणाले.

"मग पाण्याची चव त्या खड्याला कशी कळायची?"

लई वाद घालायचा मेला! रोज सकाळी नवा मुद्दा. मीही रात्रभर उत्तर जुळवायची आणि बाटली घेताना त्याची बोटं लागली की नेमकी विसरायची. चहा पिण्याआधी तो क्षणभर डोळे मिटून देवाचे आभार मानायचा.

"कसले आभार मानता एवढ्या दुष्काळात?"

"दूध आहे की. आणि... ते घेऊन येणारी आहे."

सगळ्यांच्या बाटल्यांवर नुसते नंबर असायचे. माझ्या बाटलीवर त्यानं चिकटपट्टी लावून 'मनकर्णा' लिहिलं होतं. "कॅनमध्ये सगळे एकच," तो हळूच म्हणाला, "पण देव प्रत्येकाला नावानं ओळखतो, असं आम्ही मानतो."

एका रविवारी तो प्रार्थना आटोपून सरळ आमच्या अंगणात आला. मला मागणी घालायला! बा, धुळाजी त्याचं नाव, घोंगडीच्या दशा चाळत म्हणाला,

"आमची पोर तुमच्यात आली, की तिचं नाव, तिचा खंडोबा... समदं पुसायचं का?"

देवात विरघळायला माझी कधीच ना नव्हती. पण सासरात? छे! रोज वाद जिंकायला जाणारी मी त्या दिवशी हरायला आसुसले होते.

"नाही, मामा," आमोस म्हणाला. "मनकर्णा मनकर्णाच राहील. खंडोबाला मीच घेऊन येईन तिला."

"आन् तू?"

"मी बाहेर चपला राखीन."

बा खो खो हसला. "चपला राखायला जावई कशाला करू? आत येत जा, परसाद खात जा."

तो निघाला तेव्हा मी गोठ्यापाशी त्याला गाठलं. "आन् तुमच्या आई?"

"दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, तिला निदान चहाला तरी आण."

"एवढं कावून केलं माझ्यासाठी?"

तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "रोज आभार मानताना तुझं नाव घेतो, मना. तुझं नावच राहिलं नाही, तर देवाला सांगू तरी काय?"

माझे डोळे भरून आले. देवा, कुणीही अस, कुठलाही अस... भरभरून दिलंस रे.

"वाद तुमीच जिंकला," मी म्हणाले.

"छे," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच त्यानं माझा हात हातात घेतला. "आता यातला माझा कुठला, ते तरी सांग बघू."

मला खरंच सांगता येईना.