पाळेवरची घंटी

"ऐकीव नाई सांगून राह्यलो. पोरगं माह्या वळखीचं हाय," बापूराव म्हणाले आणि किडे येतात म्हणून त्यांनी अंगणातला बल्ब बंद केला.

समोर सुमीत आणि चारुता बसले होते. दोघं भाऊबहीण पिपरी मेघेची, बापूरावांच्या लेकीची मुलं. सकाळी सायकली काढून कालव्याच्या पाळेने पवनारपर्यंत जायचा त्यांचा बेत होता. सुमीतचं मात्र मघापासून एकच चाललं होतं. सकाळ कशाला, आत्ताच निघू, हवा थंड आहे, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसेल. बापूरावांचा जन्म त्याच कालव्यावर शेतांना पाणी सोडण्यात गेला होता. ते हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. सांगायला लागले.

मार्गशीर्षातला शनिवार होता. अमावास्या नुकतीच सरलेली, आभाळात चंद्र नावालाही नाही. आंजीचा गोपाल रात्री जेवण झाल्यावर घरातून निघाला, तो फक्त वाटेवर बाण रंगवायला. हँडलला पांढऱ्या पेंटचा डबा अडकवला होता, खिशात ब्रश आणि दातात धरायला एक छोटी बॅटरी. दुसरं काही काम नव्हतं.

हे बाण त्याच्या भावाच्या रस्त्यासाठी. ओमप्रकाश, गोपालचा दादा. त्याच्या डोक्यात दोन हिवाळ्यांपासून एकच वेड होतं. आंजीपासून पवनारपर्यंत, धाम नदीच्या बाजूबाजूने, असा रस्ता जोडायचा की सायकलवाल्याला वाटेत एकही मोटर भेटू नये. आधी कालव्याची पाळ, मग शेतातली पांदण, मग नदीकाठची बैलगाडीची वाट. पाळेच्या तोंडाशी दगडी खांब असल्यामुळे तिथे ट्रॅक्टरही शिरत नाही. दोघं भाऊ दर रविवारी ती वाट तुडवायचे; दादाचे हात चेनीच्या वंगणाने कायम काळे. आणि ज्या मोठ्या रोडला दादा भीत होता, त्याच रोडवर, वर्ध्याहून कामावरून परत येताना, बसमधून उतरून पलीकडे जाताना तो ट्रकखाली गेला.

त्याला अजून दहा दिवसही झाले नव्हते. गोपालच्या डोक्यावर केस नव्हते. अग्नी त्यानेच दिला होता.

दुपारी नागपूरहून इलाताईंचा फोन आला होता. त्या तिथल्या सायकलवाल्यांच्या गटाच्या प्रमुख; रविवारी हा रस्ता पाहायला तो गट दादानेच बोलावलेला. "गोपाल, फार वाईट वाटतं रे. पण उद्या लहान मुलं आहेत आमच्याबरोबर. वळणावळणावर बाण असतील तर तुमच्या रस्त्याने येऊ. नाहीतर मग मोठ्या रोडनेच जाऊ."

मोठा रोड म्हटल्यावर गोपालने पुढचं ऐकलंच नाही.

"सुतकात कुठं चालला रे?" त्याची माय, रुख्माबाई, दारात आडवी आली. "तेरवी होऊ दे ना. अन् हे सायकल तं दादाची हाय!"

"माह्यी पंचर हाय."

"मेलेल्याच्या वस्तूले तेरवीआंधी हात लावत नाई कोनी."

"मग काय डोक्यावर घेऊन जाऊ डबा? सकाळी लेकरं येऊन राह्यले, माय. दादानं बलावले त्यायले."

रुख्माबाई बाजूला झाली. पण हँडल काही सोडेना. "एक आयकजो. रातच्याले हाक आली तं तिसरी आल्याबिगर ओ देजो नको. माणूस तीनदा हाक मारते. ते दुसरं एकदाच मारते."

"तिथं कोन हाक मारते मले? कोल्हा?" गोपाल म्हणाला आणि पायडल मारलं.

पहिला बाण त्याने दगडी खांबावर काढला. दुसरा पुलाच्या कठड्यावर. दातातली बॅटरी घसरली म्हणून तिसरा वाकडा आला. त्यावर त्याने स्वतःलाच एक शिवी घातली आणि पुढे निघाला. एका बाजूला कालव्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला खाली तुरीचं शेत, आणि मधे पाळेवरच्या गवतातून एक सायकल जेमतेम जाईल एवढी वाट. अंधारात त्याला भीती अशी वाटली नाही. घरी बसलं की दादाची रिकामी जागा दिसायची, इथे निदान पाय चालत होते.

या पाळेवर दोघा भावांची एक रीत होती. दादा पुढे, गोपाल मागे. बोललेलं वाऱ्यात ऐकू येत नाही, म्हणून दादा घंटी वाजवायचा. एकदा वाजली की पुढे खड्डा. दोनदा वाजली की वाट मोकळी, ये. आणि मागच्याने एकदा वाजवून कळवायचं, ऐकलं. जुनीच सवय. अंगठा आपोआप जायचा.

गोपाल येळाकेळी गावाच्या बाजूला वळला, आणि पुढून आवाज आला.

टण्ण टण्ण.

गोपालच्या अंगठ्याने लगेच उत्तर दिलं. टण्ण.

दिलं, आणि मग त्याला कळलं.

"तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं होतं ना आबा?" चारुताने विचारलं.

"हाक असती तं थांबला असता बाई," बापूराव म्हणाले. "घंटीले कोन हाक म्हनते?"

गोपाल पाय टेकून उभा राहिला. बॅटरी पुढे धरली. पाळ, गवत, पाणी. कोणी नाही. तिकडून पुन्हा वाजलं. टण्ण टण्ण. जरा लांबून. कोणीतरी पुढे जात होतं आणि त्याला बोलावत होतं.

त्याला रडू आलं. नऊ दिवसांत आलं नव्हतं ते. "दादा?" म्हणून तो निघाला.

पुढचं वळण आलं. तिथे बाण काढायचा होता. गोपाल थांबला नाही. त्याच्या पुढचंही वळण गेलं. पेंटचा डबा हँडलला आदळत होता, झाकण उडून गेलं, पांढरा पेंट त्याच्या गुडघ्यावर सांडत होता. उद्याची मुलं, इलाताई, रस्ता, सगळं डोक्यातून गेलं. फक्त ती घंटी.

टण्ण टण्ण. मोकळं आहे. ये.

आणि पुढचं चाक खड्ड्यात गेलं.

गोपाल हँडलवरून पाळेवर पडला. कोपर सोलपटलं. तो उठला, आणि तसाच उभा राहिला. खड्डा चांगला हातभर खोल होता. दादाने दोनदा वाजवली होती. दादा खड्ड्याला दोनदा कधीच वाजवत नव्हता. एकदासुद्धा चुकला नव्हता.

"म्हणजे तो दादा नव्हता," सुमीत हळूच म्हणाला.

"गोपाललेही तेच समजलं," बापूराव म्हणाले. "तवाच समजलं. तिथंच परतला असता तं..."



गोपालने सायकल उचलली. परत फिरवली नाही. दादा नसला तर नसला. दादाच्या घंटीसारखं वाजतंय ना. घरी तर तेही नाही. तो बसला आणि पायडल मारायला लागला.

टण्ण टण्ण.

पाण्याचा आवाज मोठा झाला होता. रातकिडे थांबले होते.

टण्ण टण्ण. जवळ.

"आलो," गोपाल म्हणाला.

टण्ण टण्ण टण्ण टण्ण...

तो उभा राहून पायडल मारत होता. बॅटरी कुठे पडली, माहीत नाही. पुढे सगळं काळं. घंटी आता अगदी समोर. हात लांबवला तर लागेल अशी. त्याने हात लांबवला...

छातीवर धक्का बसला.

तो पाठीवर पडला. सायकल त्याच्याखालून निघून पुढे गेली. मग धप्प असा आवाज आला. पाण्याचा.

मग काहीच नाही.

बराच वेळ काहीच नाही.

मग पाण्यावरून, लांब लांब जात...

टण्ण... टण्ण...

चारुताने सुमीतचा दंड धरला होता, तो त्याने सोडवून घेतला नाही.

"त्या सांजीले कालव्यात पाणी जादा सुटलं होतं," बापूराव पुढे सांगू लागले. "पाळ फुटली होती. बैलगाडी जाईन एवढी. खाली शेतात पाणी शिरलं म्हनून मी पहाटे बघाले गेलतो. पाहतो तं हे पोरगं फुटलेल्या कडेले बसून. पाय आखडून. मले पाहून उठलं नाई. म्हणे, बापूराव, लेकरं येऊन राह्यले."

"मग?"

"मग काय! बाण तं पहिल्या वळनापुढं नव्हते. पेंट गेला, सायकल गेली. अन् लेकरायच्या घंट्या आयकू येऊन राह्यल्या होत्या, खऱ्या. मी म्हटलं, धाव. हा धावला. वळनावर जाऊन असा उभा राह्यला, दोन्ही हात पसरून. एका हातानं पाळ बंद, एका हातानं पांदण दाखवत. लेकरं हसत हसत त्याच्या हातापासून वळले. सगळे. पवनारले पोचले. आजही लोक त्याच पांदणीनं जातात. तुमी सकाळी जाल तेही तिथूनच."

"म्हणजे तुम्ही आत्ता नका जाऊ म्हणताय," सुमीत म्हणाला. हसायचा प्रयत्न केला त्याने.

"मी काई म्हणत नाई बाप्पा."

बापूरावांनी अंधारात स्वतःचा हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. मग काढला, उलटा केला, आणि समोरच्या हवेत तळवा धरला.

"हात पसरून उभा होता ना, तवा मले त्याचा सदरा दिसला. पुढून. छातीवर पंजा उमटला होता. सायकलच्या चेनीचं काळं असते ना, तसं. पाची बोटं, वर टोकं केलेली. म्हंजे कोनीतरी त्याच्या समोर उभं राहून त्याले मागं लोटलं होतं."

"पण आबा," चारुता म्हणाली, "समोर तर..."

"हो," बापूराव म्हणाले. "समोर पाळच नव्हती."