नाताळाचा वायदा

एकाहत्तर सालची बाजरीची सुगी. तिसगावच्या चर्चमध्ये सुगीचा सण होता. शेतातलं, परड्यातलं दान प्रत्येकाने वेदीपुढे ठेवायचं आणि प्रार्थना झाली की आवारात त्याचा लिलाव व्हायचा. एकोणीस वर्षांच्या लिडियाने तुरेबाज कोंबडा आणला होता. तो घेतला याकोब मास्तरांच्या नोहाने. नोहा हवाई दलात, लढाऊ विमानावर... रजेवर आलेला. आणि घेतल्या घेतल्या कोंबडा त्याच्या हातून जो निसटला, तो थेट कौलांवर!

“विमान बरं आवरतं तुमाला,” लिडिया तोंडाला पदर लावून हसली, “कोंबडा न्हाई आवरत?”

“विमान चोच मारत न्हाई,” तो बोट चोखत म्हणाला.

तिने मूठभर बाजरी फेकून कोंबडा खाली उतरवला, त्याच्या हाती दिला. नोहाने तो पुन्हा दानात देऊन टाकला! तशी रीतच होती. पुन्हा लिलाव, पुन्हा नोहाचीच बोली. तिसऱ्या वेळी अख्खं आवार हसायला लागलं आणि लिडियाचे कान तापले.

“आता तरी न्या की त्याला घरी!”

“नेला की तुमी पण घरी जाल...” तो हळूच म्हणाला.

शेवटी नेला एकदाचा. मग पुढचे आठ दिवस कोंबडा काय खातो, कधी झोपतो, हे विचारायला नोहा रोज तिच्या वाटेवर हजर. नवव्या दिवशी एस.टी.पाशी त्याने एकदम विचारलं, “पाळकसाहेबांना सांगू? तीन रविवार चर्चमध्ये आपल्या लग्नाची पुकार करतील...”

होकार अगदी ओठांवर आला होता. पण आत्या बनुबाईने बजावून ठेवलं होतं, पहिल्या शब्दाला ‘हो’ म्हणणारी पोरगी हलकी ठरते.

“नाताळाला या... मग सांगते.”

“नाताळाला तर नाताळाला!” खिडकीतून तो हसत राहिला, एस.टी. वळेपर्यंत.

डिसेंबरात युद्ध पेटलं. आकाशातल्या झुंजीत नोहाचं विमान पडलं. माती द्यायलासुद्धा काही परत आलं नाही. नाताळाला लिडिया गायकवृंदात उभी राहून गात होती, कारण रडायचा तिला हक्क नव्हता. ती त्याची लागत कोण होती?

पुढे नोहाचा हवाई दलातला एक सोबती मास्तरांना भेटायला आला. लिडिया तिथेच होती. तो म्हणाला, “रोज सांगायचा, नाताळाला मला एक उत्तर मिळणार आहे. कसलं, ते मात्र बोलला नाही.” लिडियाने मान खाली घातली. तिचा शहाणपणा तिला जन्मभर पुरला. ती शाळेत शिकवत राहिली, लग्न केलंच नाही.

यंदाच्या सुगीच्या सणाला चर्चच्या भिंतीवर नोहाचा फोटो लागला. पाळक म्हणाले, “त्याच्या घरच्यांनी उभं राहावं, आपण प्रार्थना करू.” नोहाचा पुतण्या सायमन बायकामुलांसह उठला. मागच्या बाकावर, दुखरे गुडघे सावरत, लिडियाही उठली.

सायमन मागे आला. “बाई, घरच्यांना म्हणाले ते...”

“व्हय रे, ऐकलं मी.” ती फोटोकडे बघत म्हणाली. “त्याला माझा होकार होता, सायमन. नाताळाला द्यायचा म्हणून ठेवला... आन् राहूनच गेला.”

 सायमनने तिचा हात धरला, पुढे नेलं आणि फोटोसमोरच्या घरच्यांच्या रांगेत आपली जागा तिला दिली.